चार बोटं माया

मी एक जुना कोट आहे. रंगाने निळा, म्हणजे आता नुसता म्हणायला निळा. मला पाच बटणं आहेत, आत एक चोरखिसा आहे आणि डावी बाही नाही. ती कुठे गेली ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. मित्रांनो, जरा सावरून बसा. तुमच्यापैकी कोणाच्या अंगात कोट असेल तर माझं बोलणं संपेपर्यंत तो काढून ठेवा. घटकाभर थंडी वाजली तरी चालेल.

माझं पहिलं आयुष्य एका उंच माणसाच्या अंगावर गेलं. तेव्हा मी गुडघ्याखाली पोचणारा, जाडजूड ओव्हरकोट होतो. त्या माणसाला बायको होती आणि सात वर्षांची एक मुलगी होती. एका सकाळी तो 'जरा जाऊन येतो' म्हणाला आणि गेला. उन्हाळा होता, म्हणून मी खुंटीवरच राहिलो. पुढे थंडी आली, पण तो काही आला नाही. माझ्या खिशातला त्याचा रुमाल बायकोने धुतला, घडी केली आणि पुन्हा माझ्याच खिशात ठेवला.

ती शिवणकाम करायची. सगळे तिला टेलरबाई म्हणत. दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं लांब टेबल आणि पारा उडालेला आरसा. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं आणि मागच्या जिन्याकडे उघडणारं एक दार. त्या दाराला वरच्या बाजूला एक कडी होती. ही कडी लक्षात ठेवा.

थंडी पडू लागली तसं टेलरबाईने मला टेबलावर पसरलं आणि मुलीला समोर उभं केलं. मुलगी जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढीशी होती, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं होतं. शाळेच्या दाखल्यावर तिचं दुसरं, चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते आमच्या घरात कोणी वापरत नसे. टेलरबाईने चिमटीचं माप घेतलं, माझ्यावर खडूने रेघा मारल्या आणि कात्री उचलली. उचलली ती उचललीच. नवऱ्याचं कापड कापायला तिचा हात धजेना. शेवटी जेवढं कापणं भागच होतं तेवढं तिने कापलं आणि बाकीचं सगळं आत दुमडून घेतलं.

शिवणकामात एक शब्द आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची, थोडी माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची, म्हणजे कपडा मुलाबरोबर वाढतो. लहान मुलांचे कपडे असे वाढत्या अंगाचे शिवतात. 'माया सोडलीय बरं का,' असं टेलरबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. गंमत बघा, माया सोडली म्हणजे ठेवली. हा शब्द असा दुतोंडी आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

इतर शिंपी एक बोट माया सोडतात, फार तर दीड. टेलरबाईने माझ्यात चार चार बोटं सोडली. काखेत तर मी इतका जाड झालो की चिमटीचे दोन्ही हात अंगापासून लांब उभे राहायचे आणि वर्गातली पोरं तिला पेंग्विन म्हणायची.

"हे तरी राहील," टेलरबाई शेवटची टीप मारताना म्हणाली. मला वाटलं, ती कापडाबद्दल बोलते आहे.

पुढची दहा वर्षं माझी सुखाची गेली. दरवर्षी थंडीच्या तोंडावर टेलरबाई मला उसवायची, थोडं थोडं कापड बाहेर काढायची आणि पुन्हा शिवायची. मग मी खाली इस्त्रीवाल्या काकांकडे जायचो. काका फार बोलत नसत. पण कपड्याची घडी पाहून घरात काय चाललं आहे ते त्यांना कळायचं. माझं बाहेरचं कापड उन्हाने विटलेलं आणि आतून निघालेलं नवंकोरं, त्यामुळे माझ्या दोन्ही कुशींवर दरवर्षी एकेक गडद पट्टा वाढत गेला. काका ते पट्टे मोजायचे आणि म्हणायचे, "बाई, पोर वाढतीय." टेलरबाई हसायची, पण ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत पोचत नसे.

माझं कौतुकही पुष्कळ झालं. एका कोटात पोरीला मोठं केलं, असं लोक टेलरबाईला म्हणायचे आणि मी आपला खुंटीवर फुगून बसायचो. चिमटी माझ्यात शाळेत गेली, तापाने फणफणली, पहिल्यांदा खोटं बोलली, परीक्षांना बसली. ती डावखुरी होती. लिहिताना शाई पुसली जाऊन माझ्या डाव्या बाहीची कड कायम निळीकाळी असायची. तिचं अक्षर मात्र असं की बघत राहावं. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणाल्या होत्या की या पोरीच्या हातात काहीतरी आहे.

ती अठरा वर्षांची झाली त्या थंडीत टेलरबाईने मला उलटं करून पाहिलं. मग तिने माझ्या रिकाम्या शिवणींवरून अंगठा फिरवला.

"माया संपली गं," ती म्हणाली.

चिमटी हसली. "मग आता गं, आई?"

"आता काय. आता हा तुला शेवटचा."

त्याच आठवड्यात पत्र आलं. चार तासांच्या रस्त्यावर दुसऱ्या गावी नकाशे काढणारं एक कार्यालय होतं. तिथे पातळ कागदावर नद्या, रस्ते आणि सीमा बारीक निबाने गिरवायचं काम असे. तिथे चिमटीला जागा मिळाली होती. राहायला एक खोलीही होती. तिला तेच काम हवं होतं. ते पत्र तिने दिवसभर माझ्या चोरखिशात बाळगलं आणि तासातासाला काढून वाचलं. सोमवारी ती मला घालून गेली.

शनिवारी परत आली ती पार उतरलेला चेहरा घेऊन. तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तशीच पडून राहिली.

"कोणी काही बोललं का?" टेलरबाईने विचारलं.

"नाही. सगळे चांगले आहेत. मला तुम्ही म्हणतात."

"मग बरंच की."

"अगं, एक नदी चुकली माझ्या हातून. वळण भलतीकडेच गेलं. मला वाटलं, साहेब रागावतील. ते म्हणाले, इथं सही करा. चूक तुमच्या नावावर राहील, दुरुस्तही तुम्हीच करा. मी सही केली. माझंच नाव होतं ते, पण वाचताना वाटलं हे कोण आहे." तिने माझ्या चोरखिशातून किल्ली काढली. "खोलीची किल्ली एकच आहे आई. ती माझ्याकडेच असते. मी आले नाही तर कोणी विचारणार पण नाही. मला ना, आवडतं ते. आणि तेवढीच भीती वाटते."

मित्रांनो, मी त्या आठवड्यात तिच्या अंगावर होतो. ती खोटं बोलत नव्हती. संध्याकाळी कार्यालयातून सुटली की ती वाटेल त्या रस्त्याने चालायची, वाटेल तिथे थांबायची, कोणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. तेव्हा तिचं काळीज माझ्या अस्तराखाली धडधडायचं. ते आनंदाने की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

ती मला घालूनच पडली होती. "हा घट्ट झालाय आता," ती म्हणाली. "पण बरं वाटतं. आई, सैल नको करूस. उलट आत घे थोडा. आजच्यापुरता."

आजच्यापुरता, असं तीच म्हणाली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही सगळा दोष एकट्या टेलरबाईच्या माथी माराल. टेलरबाईने सुई ओवली आणि माझ्या दोन्ही कुशींत अर्धं बोट कापड आत घेतलं. चिमटीने मला घातलं आणि ती शांत झाली.

सकाळी मी तिच्या अंगात घट्ट नव्हतो.

टेलरबाईने ते पाहिलं. ती टेप घेऊन आली, मुलीचा खांदा मोजला, पुन्हा मोजला. मग टेप गळ्यात टाकून चहा करायला गेली. सोमवारी चिमटी गेली नाही. 'बरं वाटत नाही' असं कार्यालयाला कळवलं. त्या दुपारी टेलरबाईने माझ्यात आणखी अर्धं बोट आत घेतलं. या वेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं.

असं किती वेळा झालं ते कसं सांगू? थंडी संपली, उन्हाळा आला, तरी मी चिमटीच्या अंगावरून उतरलो नाही. ती आंघोळीला गेली की पंधरा दिवसांतून एकदा टेलरबाई शिवणी आत घ्यायची आणि मला इस्त्रीला पाठवायची. चिमटीच्या पायांना शाळेचे जुने बूट बसू लागले. तिचा आवाज बारीक झाला. एका सकाळी जेवणाच्या ताटात तिचा एक दात पडला आणि आठवडाभराने तिथे दुधाचा दात आला. आरशात तिला आधी तिचे खांदे दिसायचे, मग हनुवटी, मग नुसते डोळे. शेजारीपाजारी विचारू लागले तेव्हा टेलरबाई म्हणाली, "मुलगी नोकरीच्या गावी आहे. ही माझी भाची."

सुरुवातीला चिमटीला बरं वाटलं, हे मला मान्य करावंच लागेल. कशाला सही करायची नव्हती, कुठे पोचायचं नव्हतं. आई घास भरवायची, वेणी घालायची. घर पुन्हा भरल्यासारखं झालं होतं आणि टेलरबाई मशीनवर गुणगुणत असायची. मलाही बरंच वाटत होतं. मी पुन्हा तिच्या मापात बसत होतो. बाहेर काढलेली माया एकेक बोट माझ्याकडे परत येत होती. कपड्याला आणखी काय हवं असतं?

पण चिमटी बाहेरून लहान होत होती, आतून नाही. आत ती अठरा वर्षांचीच होती. हे सगळ्यात आधी मला कळलं, कारण तिचं काळीज माझ्याखाली पुन्हा धडधडू लागलं. या वेळी आनंदाचा त्यात लवलेश नव्हता.

कार्यालयाचं पत्र आलं. पोस्टमनने ते तिच्या हातात दिलं, तिचा गालगुच्चा घेतला आणि 'आईला दे हं' म्हणाला. तिने तिथेच फोडून वाचलं. उन्हाळा संपेपर्यंत जागा राखून ठेवू, त्यानंतर दुसऱ्याला देऊ, असं लिहिलं होतं. ती मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"आई, आता मला मोठं कर."

"करू गं. उद्या उसवते."

"तू कालही उद्याच म्हणालीस."

"एवढी घाई कसली आहे? जग कुठं पळून चाललंय?"

"मी पळून चाललेय, आई. मी दिवसेंदिवस कमी होतेय. मला भीती वाटते."

"भीती वाटते म्हणूनच तर घरी आलीस ना," टेलरबाई मऊ आवाजात म्हणाली आणि तिने तिला जवळ घेतलं. मी दोघींच्या मधे होतो. टेलरबाईचे हात माझ्या पाठीवरून फिरत होते आणि शिवणी चाचपत होते.

त्या दिवसापासून टेलरबाई बाहेर जाताना पुढच्या दाराला कुलूप लावू लागली. मागच्या दाराची कडी वर होती. चिमटी स्टुलावर चढली, स्टुलावर डबा ठेवून चढली, तरी हात पोचेना. दुसऱ्या दिवशी स्टूल घरातून नाहीसं झालं.

अशाच एका दुपारी इस्त्रीवाले काका कपडे द्यायला आले. दाराला कुलूप पाहून ते खिडकीशी आले आणि गजांतून एकेक कपडा आत देऊ लागले.

"काका," चिमटी म्हणाली, "मी भाची नाही. मी चिमटी आहे. मी अठरा वर्षांची आहे."

काका हसले. मग त्यांनी मला तिच्या अंगावर पाहिलं. माझे पट्टे आता बाहेर नव्हते, एकेक करून आत गेले होते. काकांचं हसू मावळलं.

"तरीच म्हटलं, हा कोट उलटा का चाललाय," ते हळूच म्हणाले. "आत्ता काढून दे. इस्त्री राहिलीय त्याची."

संध्याकाळच्या आत त्यांनी मला गजांतून परत दिलं. माझ्या चोरखिशात काहीतरी गार लागत होतं. ते दोरे कापायचं पातं होतं. काकांनी एवढंच म्हटलं, "मी घड्या घालणारा माणूस, उसवायचं तुझं तुलाच बघावं लागेल." चिमटीने पातं माझ्या अस्तरात लपवलं आणि वाट पाहू लागली.

चार दिवसांनी टेलरबाई शाळेच्या गणवेशांचा मोठा गठ्ठा पोचवायला गेली. भर दुपार होती. चिमटीने मला घातलं, बटणं लावली आणि पातं हातात घेतलं. मला घातल्याशिवाय उपयोग नव्हता, कारण ती माझ्याच मापाने वाढणार होती. इथे एक चूक झाली, मित्रांनो. ती डावखुरी होती. पातं तिने डाव्या हातात धरलं आणि सवयीने उजव्या बाहीपासून सुरुवात केली.

पहिला टाका तुटला तशी ती कळवळली. अकरा वर्षांचं वाढणं एका दुपारी अंगात उतरत होतं. हाडं कडकड वाजत होती, कातडी ताणून पांढरी पडत होती. उजवा हात लांब झाला. मग तिने कुशी उसवल्या, मग खांदे, मग पाठीवरची शिवण हात मागे नेऊन चाचपडत उसवली. तिच्या तोंडातून दुधाचे दात जमिनीवर पडले. ती रडत होती आणि उसवत होती. मीही फाटत होतो. मला दुखत होतं, पण मी दोरा धरून ठेवला नाही, एवढं एक माझ्या बाजूने सांगता येईल.

शेवटी डावी बाही राहिली. डाव्या हाताने डावी बाही उसवता येत नाही. तिने पातं उजव्या हातात घेतलं. त्या हाताला कशाची सवय नव्हती. पातं दोऱ्याऐवजी कापडात शिरत होतं. एवढ्यात पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

चिमटीने माझ्याकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं. तिने मला अंगातून उतरवलं आणि जमिनीवर टाकलं. आईचा एक सुती झगा अंगात चढवला, चोरखिशातलं कार्यालयाचं पत्र घेतलं, उजवा हात वर करून कडी काढली आणि ती गेली. उन्हाळा होता, म्हणून मी घरीच राहिलो.

टेलरबाईने मला उचललं. माझ्या सगळ्या शिवणी उघड्या पडल्या होत्या. डाव्या बाहीची तेवढी शाबूत होती, सात वर्षांच्या मुलीच्या मापाची. टेलरबाईने त्या बाहीची कड मुठीत धरली आणि बाही आतून हळूहळू भरू लागली. थोडी ऊब आली. मग आतल्या कोणीतरी टेलरबाईचं बोट धरलं.

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती शांतपणे खुर्चीवर बसली आणि बाही मांडीवर घेऊन थोपटू लागली.

आठ दिवसांनी पत्र आलं. अक्षर वेडंवाकडं, ओळी खाली घसरलेल्या. 'आई, मी ठीक आहे. जागा मिळाली. डावा हात लहानच राहिला, त्यात पेन धरता येत नाही. कोटाची डावी बाही उसव आणि कोट पाठव.' खाली सही होती, पूर्ण नावाची. टेलरबाईने 'मी ठीक आहे' इथपर्यंत वाचलं आणि पत्राची घडी केली. मग मशीनवर बसून तिने त्या बाहीवर आणखी एक टीप मारली.

पत्रं येत राहिली. अक्षर सुधारत गेलं. ती उजव्या हाताने शिकत होती, हे मला दिसत होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असायचं, बाही उसव. आणि प्रत्येक पत्रावर टेलरबाई एक टीप मारायची. बारा वर्षांत ती बाही फळीसारखी ताठ झाली. उघड्या पडलेल्या बाकीच्या शिवणी तिने कधी शिवल्या नाहीत. त्यांत चिमटीचं काही उरलं नव्हतं.

बाराव्या वर्षी, भर दुपारी, चिमटी आली. दारात उभी असलेली बाई मी ओळखलीच नाही. खांदे रुंद, बोलणं नेमकं, केसांत एखादी पांढरी छटा. डावा हात खिशात होता. टेलरबाई आता थकली होती, सुई ओवायलाही तिला वेळ लागायचा. दोघी समोरासमोर बसल्या. मी टेबलावर होतो.

"कशी आहेस?" टेलरबाईने विचारलं.

"माझ्या हाताखाली सहा जणं आहेत. माझी सही झाल्याशिवाय नकाशा बाहेर जात नाही." तिने खिशाकडे पाहिलं. "आणि काम करताना मधेच कोणीतरी हात धरतं माझा. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा धरावा तसा. तूच ना ती?"

टेलरबाईने माझी डावी बाही जवळ ओढली.

चिमटीने खिशातून डावा हात काढला. सात वर्षांचा हात होता तो, गुबगुबीत, नखांपाशी मऊ. तिने तो माझ्या बाहीत घातला. तेवढीच बाही तिच्या मापाची होती. मग तिने उजव्या हातात पातं घेतलं आणि शिवण शोधू लागली. हात आता सराईत होता, पण बारा वर्षांच्या टिपा एकमेकींवर चढल्या होत्या, दोऱ्याला टोक सापडेना.

"गाठ कुठं आहे, आई? पहिल्या दोऱ्याची गाठ. ती सुटली की सगळं सुटेल."

"आठवत नाही."

"आई."

"इतकी वर्षं झाली. शिवाय उजेड कमी आहे."

"दुपार आहे, आई."

टेलरबाईचा अंगठा माझ्या काखेखाली, बाही जोडतात त्या मुंढ्याच्या आतल्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला. गाठ तिथेच होती. मला ठाऊक होतं आणि तिलाही. चिमटी वाट पाहत होती. नकाशे काढणारीला वाट पाहणं जमतं.

"तेवढं तरी राहू दे माझ्याकडे," शेवटी टेलरबाई म्हणाली. "बाकी सगळी गेलीसच ना तू."

चिमटीने पातं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला इतकं भय वाटलं नसतं. तिने टेबलावरची मोठी कात्री उजव्या हाताने उचलली, माझ्या मुंढ्यापाशी लावली आणि खांद्यापासून डावी बाही कापून काढली. रक्त आलं नाही. कापड कापल्याचाच आवाज झाला. बाही टेबलावर पडली आणि तो लहान हात बाहीतच राहिला.

"ठेव," चिमटी म्हणाली. "तो तुझाच होता. आता मला बोलावू नकोस." तिने आपल्या अंगातल्या झग्याची रिकामी बाही खिशात खोचली आणि ती पुढच्या दाराने निघून गेली. जिना उतरताना तिची पावलं मोकळी वाजत होती, मी ती शेवटपर्यंत ऐकली.

टेलरबाई बाही मांडीवर घेऊन बसली. लहान हाताने तिचं बोट धरलं होतं. बराच वेळ गेला. मग तिने अंगठ्याने चाचपून गाठ शोधली आणि सोडली. गाठ सुटायला एक क्षणही लागला नाही. दोरा सरसर निघाला. हात वाढला. बोटं लांब झाली, मधल्या बोटावर पेनाचा घट्टा पडला, नखात शाई दिसली. तो टेलरबाईच्या हातापेक्षा मोठा झाला. मग त्याने तिचं बोट सोडलं आणि बाही रिकामी झाली.

तो हात कुठे गेला हे मला ठाऊक नाही. चिमटीकडे परत गेला असेल असं मानायला मला आवडलं असतं. पण पुढे एकच पत्र आलं. 'मी ठीक आहे. काही पाठवू नकोस.' अक्षर उजव्या हाताचं होतं.

टेलरबाई गेल्यावर तिचं सामान वाटलं गेलं आणि मी तुमच्या शाळेच्या नाटकाच्या पेटीत आलो. एका हाताचा शिपाई लागला की मला बाहेर काढतात, एरवी मी डांबरगोळ्यांच्या सोबतीत असतो. गेल्या महिन्यात नाटकाच्या बाईंनी माझ्या उघड्या शिवणी पुन्हा शिवल्या. मुलांच्या मानाने मी फार मोठा होतो. कापड कापायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी ते आत दुमडून घेतलं. चार बोटं तरी असेल.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. मित्रांनो, मला जपू नका. मला फाडा, लाद्या पुसायला घ्या. नाही जमलं तर निदान तुमच्या घरी जो कपडा फार उबदार आहे आणि तुम्ही वाढलात तरी घट्ट होत नाही, त्याच्या शिवणी एकदा उलट्या करून पाहा. गाठ कुठे आहे ते आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे शिवणाऱ्याला आठवतंय तोवर.

काल तालमीच्या वेळी तुमच्यापैकी एकीने मला अंगात घातलं. मी तिला अगदी मापात बसलो. 'किती छान ऊब आहे याच्यात,' असं ती म्हणाली. घंटा झाली तरी ती मला काढेना, बाईंना दोनदा सांगावं लागलं. आणि इतकं सगळं भोगूनही खरं सांगतो, तिने मला काढून ठेवलं तेव्हा मला वाईट वाटलं.